तीन गोल्फ स्टिक आणि पंचवीस वर्षं : एखादा गुन्हा 'फेलनी' कुठे आणि कसा ठरतो

१२ मार्च २०००. लॉस एंजलिस काउंटीतल्या एल सेगुंडो गोल्फ मैदानावर खेळाचं सामान विकणारं एक दुकान आहे. गॅरी युइंग नावाचा माणूस तिथून बाहेर पडला, तेव्हा त्याने पँटच्या पायात तीन गोल्फ स्टिक लपवल्या होत्या. तो लंगडत चालतोय हे दुकानातल्या कर्मचाऱ्याच्या नजरेला खटकलं. त्याने पोलिसांना फोन केला आणि युइंग पार्किंगमध्येच सापडला. प्रत्येक स्टिकची किंमत ३९९ डॉलर होती, म्हणजे एकूण ११९७ डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण ५२ हजार रुपये. त्याला शिक्षा झाली 'पंचवीस वर्षं ते जन्मठेप'. अर्थ असा की पहिली पंचवीस वर्षं पॅरोलचा, म्हणजे अटींवर सुटकेचा, विचारही नाही.

या चोरीत शस्त्र वापरलं नव्हतं आणि कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी शिक्षा एवढी झाली, कारण त्या दिवशीच्या कृत्याला कायद्याने 'फेलनी' म्हटलं. तो शब्द मिस्डिमीनर, म्हणजे फेलनीच्या खालचा हलका गुन्हा, असा असता, तर कमाल शिक्षा काउंटीच्या तुरुंगात एक वर्ष इतकीच होती. त्यामुळे हे प्रकरण वाचताना चोरीपेक्षा त्या शब्दाचा माग काढावा लागतो : तो कोणत्या टप्प्यावर चिकटला, कुणी चिकटवला आणि काढता आला असता का.

आधी भाषेची एक अडचण. मराठी बातम्यांत फेलनीचं भाषांतर सर्रास 'गंभीर गुन्हा' असं होतं. कॅलिफोर्नियाच्या बाबतीत हे भाषांतर थेट चुकीच्या निष्कर्षावर नेतं, कारण तिथल्या दंडसंहितेत 'गंभीर फेलनी' आणि 'हिंसक फेलनी' अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. कलम ११९२.७ मध्ये पहिली, कलम ६६७.५ मध्ये दुसरी. युइंगची चोरी फेलनी होती, पण या दोन्ही याद्यांत नव्हती. 'दखलपात्र' हा शब्दही इथे चालत नाही. पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते की नाही, हे आपल्याकडे दखलपात्र शब्द सांगतो. फेलनीचा संबंध आहे तो शिक्षेशी. म्हणून इथे फेलनीला फेलनीच म्हटलं आहे.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम १७ व्याख्या करतं ती अशी : ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा राज्य कारागृहातली कैद होऊ शकते, तो फेलनी. (२०११ च्या फेररचनेनंतर यातली काही कैद काउंटीच्या तुरुंगात भोगता येते, तरी गुन्हा फेलनीच राहतो.) अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातली रेघ आणखी सुटसुटीत आहे. कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त असेल तर फेलनी, एक वर्ष किंवा कमी असेल तर मिस्डिमीनर. पुढे फेलनीचे अ ते ई असे पाच वर्ग. जन्मठेप किंवा मृत्युदंड असेल तर अ वर्ग, एक वर्षाहून जास्त पण पाच वर्षांहून कमी असेल तर ई वर्ग. दोन्ही व्याख्यांत कृत्याचं वर्णन कुठेच नाही. गुन्हेगार काय करतो यापेक्षा त्याबद्दल जास्तीत जास्त काय होऊ शकतं, यावर शब्द ठरतो. हा शब्द इंग्लंडमधून आला. तिथे फेलनीसोबत मालमत्ता जप्त होण्याची जुनी शिक्षा जोडलेली होती. इंग्लंडने १९६७ च्या कायद्याने फेलनी आणि मिस्डिमीनर हा भेदच रद्द केला. अमेरिकेने तो ठेवला, वाढवला आणि त्यावर बाकीच्या कायद्यांचे मजले चढवले.

चारशे डॉलरची रेघ

त्या वेळी कॅलिफोर्नियात कलम ४८७ प्रमाणे ४०० डॉलरपेक्षा जास्त किमतीची चोरी ही 'मोठी चोरी' आणि त्याखालची 'किरकोळ चोरी'. किंमत म्हणजे त्या ठिकाणी, त्या वेळी वस्तूला मिळणारा वाजवी बाजारभाव. दुकानातल्या नव्या मालाच्या बाबतीत लेबलवरची किंमत हाच सहसा पुरावा ठरतो. मालाची किंमत रेघेच्या अगदी जवळ असेल, तर बचावाच्या वकिलाने सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच : सवलतीचा भाव चालू होता का, वस्तू वापरलेली किंवा मोडकी होती का. पन्नास डॉलरच्या फरकाने गुन्ह्याची जात बदलू शकते.

एका स्टिकची किंमत ३९९ डॉलर, म्हणजे रेघेच्या एक डॉलर खाली. पण एकाच वेळी, एकाच हेतूने उचललेल्या वस्तूंची बेरीज होते, म्हणून ११९७ आणि म्हणून मोठी चोरी. इथे बरेच वाचक म्हणतात की त्याने एकच स्टिक उचलली असती तर वाचला असता. तसं नाही. कलम ६६६ मध्ये 'पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्याने केलेली किरकोळ चोरी' असा वेगळा गुन्हा होता, आणि तोही फेलनी ठरवता येत असे. युइंगच्या नावावर १९९० साली याच प्रकारचा गुन्हा लागलेला होता. त्याच्यासाठी ४०० डॉलरची रेघ जवळजवळ पुसली गेली होती.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते अँड्राडे नावाच्या माणसाच्या प्रकरणात दिसतं; सर्वोच्च न्यायालयात त्याचा आणि युइंगचा निकाल एकाच दिवशी लागला. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने दोन दुकानांतून एकदा पाच आणि एकदा चार व्हिडिओ कॅसेट चोरल्या. किंमत ८४.७० आणि ६८.८४, मिळून १५३.५४ डॉलर. जुन्या चोरीमुळे दोन्ही आरोप फेलनी झाले आणि शिक्षा एकामागून एक लागल्या : दोनदा पंचवीस, म्हणजे किमान पन्नास वर्षं.

डळमळता गुन्हा

मोठी चोरी हा कॅलिफोर्नियात 'वॉबलर' आहे. वॉबलर म्हणजे डळमळणारा. त्या काळी शिक्षेच्या कलमात दोन पर्याय होते : काउंटीच्या तुरुंगात एक वर्षापर्यंत, किंवा राज्य कारागृहात १६ महिने, २ वर्षं किंवा ३ वर्षं. पहिला पर्याय निवडला की मिस्डिमीनर, दुसरा निवडला की फेलनी. कृत्य तेच, पुरावा तोच.

तो कुठल्या बाजूला पडेल हे चार ठिकाणी ठरू शकतं. सरकारी वकील आरोप दाखल करतानाच मिस्डिमीनर म्हणून दाखल करू शकतो. प्राथमिक सुनावणीच्या वेळी किंवा त्याआधी दंडाधिकारी तसं ठरवू शकतो. शिक्षा सुनावताना न्यायाधीश राज्य कारागृहाऐवजी दुसरी शिक्षा देऊन ते करू शकतो. आणि प्रोबेशन (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहण्याची मुदत) दिलं असेल, तर त्या वेळी किंवा नंतर अर्ज केल्यावर न्यायालय ते करू शकतं. मात्र यापैकी कुणीच काही केलं नाही, तर गुन्हा फेलनीच राहतो. वाद न घालणाऱ्याच्या वाट्याला आपोआप फेलनी येते, म्हणून गप्प बसणं महागात पडतं.

न्यायाधीशाने काय पाहायचं, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अल्वारेझ निकालात सांगितलं. गुन्ह्याचं स्वरूप आणि परिस्थिती, आरोपीला आपल्या कृत्याची जाणीव आहे का, खटल्यात दिसलेला त्याचा स्वभाव आणि वागणूक, आणि शिक्षेची सर्वसाधारण उद्दिष्टं. यात जुना गुन्हेगारी इतिहास येतोच. पण तीन स्ट्राइकचा कायदा (जुने गंभीर गुन्हे असलेल्याची नवी फेलनी जन्मठेपेपर्यंत नेणारा, त्याची रचना पुढे येते) आवडत नाही म्हणून मिस्डिमीनर करतो, असं न्यायाधीश म्हणू शकत नाही.

युइंगच्याच आयुष्यात हा गुन्हा एकदा उलट्या बाजूला पडला होता. १९८८ साली मोटार चोरल्याबद्दल त्याला फेलनी लागली, एक वर्ष तुरुंग आणि तीन वर्षं प्रोबेशन. ते पूर्ण झाल्यावर न्यायालयाने गुन्हा मिस्डिमीनर केला, कबुली मागे घेऊ दिली आणि प्रकरण रद्द केलं. मोटार घेऊन जाणारा १९८८ चा माणूस अखेर मिस्डिमीनरवर सुटला आणि तीन स्टिक नेणारा २००० चा माणूस जन्मठेपेच्या फेलनीत अडकला. मधल्या बारा वर्षांत चोरी मोठी झाली नाही, त्याची फाइल जाड झाली.

त्या फाइलमधल्या बऱ्याच नोंदी लहान होत्या : चोऱ्या, मारहाण, अतिक्रमण, सापडलेली वस्तू लाटणं, बेकायदा शस्त्र. शिक्षा दहा दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत. यातून स्ट्राइक, म्हणजे त्या कायद्यात मोजले जाणारे जुने गुन्हे, बनत नव्हते. स्ट्राइक बनले ते १९९३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लाँग बीचमधल्या एका निवासी संकुलात पाच आठवड्यांत तीन घरफोड्या आणि एक जबरी चोरी. जबरी चोरीत आधी बंदूक असल्याची धमकी, मग चाकू दाखवून माणसाला त्याच्याच घरात ढकलत नेणं. ज्यूरीने चारही गुन्ह्यांत दोषी धरलं, ९ वर्षं ८ महिने शिक्षा झाली, १९९९ साली पॅरोल मिळाला. स्टिक चोरल्या त्या पॅरोलवर असताना, सुटकेनंतर दहा महिन्यांनी. हा भाग झाकून 'तीन स्टिकसाठी जन्मठेप' एवढंच लिहिणं अप्रामाणिक आहे. त्या संकुलात राहणाऱ्या लोकांचे ते पाच आठवडे खरे होते.

तीन स्ट्राइकचा कायदा मार्च १९९४ मध्ये लागू झाला आणि त्याच नोव्हेंबरात मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. रचना अशी : पूर्वी दोन किंवा अधिक 'गंभीर' किंवा 'हिंसक' फेलनी असतील आणि नवा गुन्हा 'कोणतीही' फेलनी असेल, तर किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप. जुन्या गुन्ह्यांसाठी यादीची चाळणी होती, नव्या गुन्ह्यासाठी कुठलीच नव्हती. वॉबलरसकट सगळ्या फेलनी त्या एका शब्दातून आत आल्या. शिवाय जुने गुन्हे वेगवेगळ्या खटल्यांतले असावेत, अशीही अट नव्हती. म्हणून युइंगच्या एकाच खटल्यातून चार स्ट्राइक निघाले.

शिक्षेच्या दिवशीचे दोन अर्ज

शिक्षा सुनावण्याच्या वेळी बचाव पक्षाने दोन मागण्या केल्या. पहिली, कलम १७ खाली मोठ्या चोरीला मिस्डिमीनर करा. दुसरी, जुन्या चारपैकी काही किंवा सगळे स्ट्राइक न्यायहितार्थ वगळा. हा अधिकार न्यायाधीशाला १९९६ च्या रोमेरो निकालाने मिळालेला आहे. दोन मागण्या दिसायला सारख्या, पण परिणाम वेगळे. पहिली मान्य झाली असती, तर नवी फेलनीच उरली नसती आणि तीन स्ट्राइकचा कायदा लागूच झाला नसता. दुसरीत तीन स्ट्राइक वगळून एकच ठेवला असता, तर शिक्षा फक्त दुप्पट झाली असती. म्हणजे जास्तीत जास्त तीनचे सहा.

वेळेचं महत्त्व इथे कळतं. एखादा जुना गुन्हा स्ट्राइक आहे की नाही, हे त्या दोषसिद्धीच्या तारखेवरून ठरतं. पहिल्याच शिक्षेत तो मिस्डिमीनर झाला नसेल, तर नंतर प्रोबेशन पार पाडून बदलून घेतला तरी स्ट्राइक म्हणून तो जिवंत राहतो. नंतर साफ करून घेऊ, हा सल्ला या कायद्यापुढे चालत नाही.

न्यायाधीशाने सगळा इतिहास आणि पॅरोलची बाब पाहून दोन्ही मागण्या फेटाळल्या. प्रकरण ५ मार्च २००३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपलं, पाच विरुद्ध चार. मुख्य मत न्या. सँड्रा डे ओ'कॉनर यांचं. त्यांचं म्हणणं असं की आठवी घटनादुरुस्ती फक्त 'ढोबळपणे विषम' शिक्षेला मनाई करते, वारंवार गुन्हा करणाऱ्याला दूर ठेवणं हा राज्याचा रास्त हेतू आहे, आणि हा गुन्हा वॉबलर आहे याला महत्त्व नाही, कारण न्यायाधीशाने अधिकार असूनही तो फेलनी ठेवला. न्या. स्कॅलिया आणि न्या. थॉमस यांना प्रमाणाची ही कसोटीच मान्य नव्हती, तरी निकालाला त्यांनी साथ दिली. भिन्नमतात न्या. ब्रायर यांनी उलट बाजू मांडली : तीन स्ट्राइकचा कायदा नसताना अशा चोराला प्रत्यक्षात किती काळ तुरुंगात राहावं लागलं असतं, ते मोजा आणि मग पंचवीस वर्षांशी तुलना करा.

निकालपत्र पुन्हा पुन्हा वाचूनही एक गोष्ट पटत नाही. जुना इतिहास या प्रकरणात तीनदा मोजला गेला. त्याच्यामुळे गुन्हा मिस्डिमीनर झाला नाही, त्याच्यामुळे स्ट्राइक वगळले गेले नाहीत आणि त्याच्याच जोरावर १६ महिने ते ३ वर्षांची शिक्षा जन्मठेपेवर गेली. अँड्राडे प्रकरणात तर हे चौथ्यांदा झालं, कारण तिथे किरकोळ चोरीला फेलनी करण्याचं कामही जुन्या गुन्ह्यानेच केलं होतं. इतिहास पाहायलाच हवा. तो एकदा पाहून शिक्षा ठरवणं वेगळं, आणि प्रत्येक दारावर त्याचाच दाखला मागणं वेगळं.

आज तेच कृत्य

१ जानेवारी २०११ पासून कॅलिफोर्नियाची रेघ ९५० डॉलरवर गेली. २०१४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ४७ ने त्याखालची बहुतेक चोरी मिस्डिमीनर केली. ११९७ डॉलर आजही रेघेच्या वर आहेत, म्हणजे युइंगचं कृत्य आजही फेलनी होऊ शकेल. जन्मठेप मात्र होणार नाही, कारण २०१२ च्या प्रस्ताव ३६ ने तिसरा गुन्हाही साधारणपणे गंभीर किंवा हिंसक यादीतलाच असला पाहिजे, अशी अट घातली. तसा नसेल तर शिक्षा दुप्पट, म्हणजे कमाल सहा वर्षं. २०२४ च्या नोव्हेंबरात आणखी एक प्रस्ताव मंजूर झाला, त्याचाही क्रमांक ३६ आणि दिशा उलटी. पूर्वी चोरीच्या दोन दोषसिद्धी असतील, तर तिसरी चोरी कितीही रकमेची असो, ती फेलनी म्हणून दाखल करता येते. एका स्टिकची चोरी पुन्हा डळमळू लागली. जुने लेख वाचताना प्रस्ताव ३६ कोणत्या सालचा, हे बघूनच पुढे जावं.

राज्य बदललं की शब्दही बदलतो. तेच ११९७ डॉलर न्यूयॉर्कमध्ये फेलनी, कारण तिथली रेघ १००० डॉलर. टेक्सासमध्ये मिस्डिमीनर, कारण तिथे फेलनी २५०० पासून सुरू होते. न्यू जर्सीत फेलनी हा शब्दच नाही. ५०० डॉलरच्या वर गेलं की 'तिसऱ्या दर्जाचा गुन्हा' आणि तीन ते पाच वर्षं. शब्द नसला तरी एक वर्षाची रेघ ओलांडली, म्हणून केंद्रीय कायद्याच्या लेखी ती फेलनीच.

आपल्याकडे २००० साली साधी चोरी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली येत असे. कमाल तीन वर्षं, किंमत कितीही असो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आपणही एक रेघ आखली आहे : पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा माल, पहिलीच दोषसिद्धी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. त्या रकमेखालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्रही झाली. फारसं कुणी बोलत नाही ते कलम म्हणजे जुन्या संहितेचं ७५, नव्या संहितेचं १३. मालमत्तेविरुद्धच्या तीन वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय न्यायालयाने पूर्वी दोषी ठरवलं असेल, तर तशाच पुढच्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येते. फरक हा की या कलमात किमान शिक्षा बांधलेली नाही. 'देता येते' आणि 'द्यावीच लागते' यांच्यामध्ये न्यायाधीश उभा असतो.

अमेरिकेत विद्यार्थी म्हणून, नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्या मराठी माणसाला दुकानातल्या चोरीचा आरोप लागला, तर त्याने फेलनी नाही ना, एवढंच विचारून थांबू नये. स्थलांतर कायद्याची स्वतःची व्याख्या आहे. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा अधिक कैदेची शिक्षा दिली गेली असेल, तर तो 'तीव्र फेलनी' (अ‍ॅग्रॅव्हेटेड फेलनी) ठरू शकतो, राज्याने त्याला मिस्डिमीनर म्हटलेलं असलं तरीही. निलंबित शिक्षाही पूर्ण मोजली जाते. ३६५ दिवस निलंबित आणि ३६४ दिवस निलंबित, दोन्हींत माणूस त्याच दिवशी घरी जातो, पण पहिल्यात हद्दपारीची कारवाई मागे लागू शकते. राज्याच्या कलमाचे शब्द केंद्रीय व्याख्येत बसतात का, हे पुन्हा वेगळं तपासलं जातं, म्हणून आरोपपत्रातलं कलम उपकलमासह उतरवून घ्यावं.

दुसरी कसोटी 'नैतिक अधःपतनाच्या' गुन्ह्याची. प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत असा गुन्हा केला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकत असेल, तर हद्दपारी शक्य होते. प्रत्यक्ष किती झाली हे इथे पाहत नाहीत. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१५ पासून मिस्डिमीनरची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. पुढे ते पूर्वलक्षी केलं, तरी २०१५ च्या आधीच्या दोषसिद्धींना केंद्रीय स्थलांतर यंत्रणेने ते लागू धरलं नाही.

१९८८ च्या मोटारचोरीसारखी सुटका, म्हणजे आधी कबुली आणि नंतर प्रकरण रद्द, स्थलांतर कायद्यापुढे सहसा उपयोगी पडत नाही. कबुली दिली आणि न्यायालयाने कोणतंही बंधन घातलं, की ती दोषसिद्धी. त्यामुळे समुपदेशनाचा कार्यक्रम पूर्ण केल्यास प्रकरण बंद, असा प्रस्ताव आला, तर त्यात आधी कबुली द्यावी लागते का, हे लेखी विचारावं. बचावाच्या वकिलाने हद्दपारीचा धोका सांगितलाच पाहिजे, हे २०१० च्या पडिला निकालाने बंधनकारक केलं आहे. हा प्रश्न सही करण्याच्या आधी विचारायचा, कारण शिक्षेचा आकडा बदलून घेण्याची बोलणी त्याच टप्प्यावर होऊ शकते.